डोळ्यांनी भरलेली फाईल

मित्रांनो, मी एक जुनी मेलची फाईल आहे. मला हातात धरता येत नाही, की फडक्याने पुसून फळीवर ठेवता येत नाही. एका कॉम्प्युटरच्या पोटात मी राहते. बाहेरून पाहाल तर माझ्या नावाशेजारी एक इवलंसं पाकीट काढलेलं दिसेल, बस्स. पण माझ्या आत काय आहे ते ऐकलंत तर दचकाल. माझ्या आत डोळे आहेत. काळेभोर, तपकिरी, घारे, करडे. लहान मुलांचे, म्हाताऱ्यांचे, रडून लाल झालेले, हसून बारीक झालेले.

घाबरू नका. हे सगळे फोटोतले डोळे आहेत. माझी मालकीण कृत्रिम डोळे बनवते.

आजाराने किंवा अपघाताने कुणाचा डोळा गेला, की डॉक्टर त्या माणसाला तिच्याकडे पाठवतात. तिला सगळे ताई म्हणतात. ती खोबणीचा साचा घेते, त्यावरून डोळ्याचा पांढरा भाग घडवते आणि मग भिंग लावून, दोन-चार केसांच्या कुंचल्याने त्यावर बुबुळ रंगवते. पांढऱ्यातल्या बारीक शिरा तर ती तांबड्या रेशमाचे तंतू उकलून बसवते. अशा डोळ्याला दिसत नाही, पण तो दिसतो मात्र खरा. हा विनोद माझा नाही, ताईच्या यजमानांचा आहे. ते डोळ्यांना पॉलिश करतात, आणि नव्या माणसाला हा विनोद ऐकवल्याशिवाय पाणीही विचारत नाहीत.

ताईने मेल वापरायला सुरुवात केली त्या दिवशी माझा जन्म झाला. तेव्हा मी कापसासारखी हलकी होते. लांब राहणारी माणसं तिला फोटो पाठवू लागली आणि मी ते पोटात घेऊ लागले. मेल पुरवणाऱ्या कंपनीने ताईला दिलेली जागा अगदी तुटपुंजी होती. म्हणून मेल माझ्यात उतरला, की तिकडून पुसला जायचा. त्यानंतर तो जगात ठेवलेला असायचा फक्त माझ्याकडे. मला याचा फार अभिमान वाटायचा.

ताईचा एकच हट्ट होता. "फोटो लहान करून पाठवू नका हं," ती फोनवर प्रत्येकाला बजावायची. "खिडकीपाशी उभं राहा, दिवा बंद करा आणि आहे तेवढा मोठा पाठवा. मला त्यातली रेघ न् रेघ हवी." आणि ती कुठलाच फोटो काढून टाकत नसे. लहान मुलं वाढतात, त्यांची खोबण मोठी होते, डोळा पुन्हा करावा लागतो. मग ती जुना मेल उघडायची आणि म्हणायची, "हे बघा, आपण इथून सुरुवात केली होती." आई-बापांचे चेहरे त्या वेळी कसे उजळायचे!

सगळ्यांत जास्त जीव ताईने लावला तो ग्रंथालयातल्या बाईंच्या फोटोला. या बाईंचे दोन डोळे जन्मापासून वेगवेगळ्या रंगांचे होते. डावा तपकिरी, उजवा हिरवट करडा. डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि तो काढायचं ठरलं. काढण्याआधी त्यांच्या नवऱ्याने आपल्या कचेरीतून ताईला एक भलामोठा फोटो पाठवला. त्यात दोन्ही डोळे होते. डॉक्टर म्हणाले होते, आता नवा डोळा करायचाच आहे तर उजव्यासारखाच करून घ्या, दोन्ही सारखे होतील. बाई ताईला म्हणाल्या, "ताई, माझे डोळे कधीच सारखे नव्हते. आता सारखे झाले तर आरशात परकीच बाई दिसेल." ताईने तपकिरी डोळा केला. तो इतका जमला, की यजमान पॉलिश करता करता विनोद करायचेही विसरले.

पुढे बाईंना मुलगी झाली. बोलू लागल्यावर तिने आईच्या डोळ्यांना नावं ठेवली. तपकिरी तो चहाचा डोळा आणि करडा तो पाण्याचा डोळा. बाईंनी हे ताईला मेलमध्ये कळवलं. तो मेलही माझ्याकडे आहे.

आता माझं दुखणं सांगते. मित्रांनो, मी जुन्या घडणीची फाईल. आमच्या जातीला दोन जीबीची वेस असते. तिच्या आत राहिलं तर सगळं सुरळीत. वेस ओलांडली की आम्ही उघडतच नाही. पुढे नव्या घडणीच्या फायली आल्या. त्यांच्या पोटात माझ्यासारख्या कितीतरी मावतील. ताईने कॉम्प्युटर नवा घेतला, मेलचा प्रोग्रॅमही नवा घेतला. पण मला मात्र जशीच्या तशी उचलून त्यात ठेवलं. घर बदललं म्हणून अंगकाठी बदलते का? मी आतून जुनीच राहिले.

कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक गृहस्थ येत. यंत्रं उघडून उघडून त्यांच्या नाकात धूळ बसली होती, म्हणून सगळे त्यांना शिंकेभाऊ म्हणत. त्यांनी एकदा मला तपासलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, ही फाईल जुन्या घडणीची आहे आणि गळ्यापर्यंत भरलीय. नवी करून सगळं तिच्यात घेऊ या. दुपारभराचं काम आहे."

"करू हो, पुढच्या आठवड्यात," ताई म्हणाली. "आत्ता दोन डोळे वाळत घातलेत."

तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही. यजमानांनी मात्र मनावर घेतलं. एक अख्खी दुपार बसून त्यांनी जाहिरातींचे, शुभेच्छांचे मेल काढून टाकले आणि मोठ्या ऐटीत माझा आकार पाहिला. तो रतीभरही कमी झाला नव्हता! बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की मेल काढला तरी आत त्याची जागा पोकळ राहते. फाईल आतून दाबून घट्ट करावी लागते, तेव्हा कुठे ती आकसते. "हिला मी उपाशी ठेवली तरी ही जाडीच!" असं म्हणून ते उठून गेले. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

आणि मग तो फोन आला. ग्रंथालयातल्या बाईंचा नवरा बोलत होता. बाईंच्या उजव्या डोळ्याचा दाब अचानक वाढला होता. दुखणं सहन होईना, शेवटी तोही डोळा घाईघाईने काढावा लागला. फोटो काढायचं कुणाला सुचणार?

"घरातल्या फोटोत सगळे हसतायत हो," तो म्हणाला. "डोळे म्हणजे नुसते ठिपके. आणि माझ्या कचेरीतला तो कॉम्प्युटर तर कधीच मोडीत गेला. ताई, पोरगी आईजवळ जात नाहीये. दारातच उभी राहते. विचारते, पाण्याचा डोळा कुठे गेला?"

"तुम्ही अजिबात काळजी करू नका," ताई ताबडतोब म्हणाली. "तो फोटो माझ्याकडे आहे. तस्साच डोळा करीन. जखम भरली की त्यांना घेऊन या."

तिचा माझ्यावर एवढा विश्वास! आणि त्याच दिवशी कुणीतरी एका आजोबांच्या डोळ्याचे सहा मोठे फोटो एका मेलमध्ये पाठवले. मी नाही म्हणू शकले नाही. मला तसं शिकवलेलंच नव्हतं. मी ते घेतले आणि वेस ओलांडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने मेल उघडायला घेतला. पडद्यावर एक ओळ आली : फाईल उघडता येत नाही. तिने पुन्हा केलं. पुन्हा तीच ओळ. मी आतून ओरडत होते, अगं, मी इथेच आहे, सगळं जागच्या जागी आहे! पण बंद दाराआडून आवाज जातो थोडाच? "मी त्यांना शब्द दिला हो," एवढंच ताई यजमानांना म्हणाली. यजमानांनी त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

शिंकेभाऊ आले. ते रागावले नाहीत, 'मी सांगितलं होतं' असंही म्हणाले नाहीत. आधी त्यांनी माझ्या नकला उतरवून घेतल्या. "मूळ फाईलला हात लावायचा नाही. जे काय करायचं ते नकलेवर." मग त्यांनी ताईला समजावलं, "हिची शेपूट कापावी लागेल. वेशीच्या आत बसेल एवढी छाटायची, मग शिवणटिपण करायची. कापलेलं मात्र जातं."

"शेपटीत काय असेल?"

"ते मलाही सांगता यायचं नाही. मेल आत ओळीने नसतात, ताई. जिथे जागा सापडेल तिथे बसतात. एकाच फोटोचा एक तुकडा इथे, दुसरा तिकडे, असंही असतं."

पहिली नक्कल उघडली. बाईंचा मेल दिसला, पण फोटोच्या जागी नुसती रिकामी चौकट. शिंकेभाऊंनी दुसरी नक्कल घेतली, कमी कापली. ती उघडलीच नाही. तिसरी किंचित जास्त कापली, दुरुस्तीचा प्रोग्रॅम पुनःपुन्हा चालवला. शिंका देत, चहा थंड करत ते बसून राहिले. आणि मग पडद्यावर फोटो उतरू लागला. कपाळ आलं, भुवया आल्या, पापण्या आल्या. बुबुळ अर्ध्यापर्यंत आलं आणि थांबलं. त्याखाली सगळी राखाडी पट्टी.

"अर्धाच," शिंकेभाऊ हळूच म्हणाले.

ताईने भिंग घेतलं आणि पडद्याजवळ जाऊन कितीतरी वेळ पाहिलं. "अर्धाच का होईना," ती म्हणाली, "रंग तर मिळाला."

बाई आल्या, नवऱ्याच्या हाताला धरून. डोळ्यांवर काळा चष्मा. मुलगी मागे मागे, बापाच्या सदऱ्याचं टोक मुठीत घेऊन. ताईने काहीच लपवलं नाही. "बाई, माझ्या हलगर्जीपणामुळे तुमचा अर्धा फोटो गेला," ती म्हणाली. "वरचा भाग मी रंगवलाय. खालचा तुम्ही सांगाल तसा करीन. आणि पटला नाही, तर पुन्हा करीन."

बाई म्हणाल्या, "खाली एक तपकिरी रेघ होती. अगदी बारीक. उजवीकडे."

"डावीकडे," असा एक बारीक आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मुलगी सदऱ्याचं टोक सोडून एक पाऊल पुढे आली होती. "काडी पडलीय पाण्यात. ती डावीकडेच आहे."

"बाळा, मी रोज आरशात बघायचे ना," बाई म्हणाल्या. "उजवीकडेच होती."

नवरा गोंधळला. "मला तर... मला नीट आठवतच नाही," तो ओशाळून म्हणाला.

ताई मात्र हसली. तिने मुलीला विचारलं, "आईच्या समोर बसून बघायचीस ना तू? मग काडी आईच्या नाकाकडे होती, की कानाकडे?"

"कानाकडे."

"बाई, आरशात तुमच्या उजव्या हाताला, म्हणजे?"

"कानाकडेच," बाई म्हणाल्या. "अगं बाई, कानाकडेच की!"

मग ताईने मुलीला उंच स्टुलावर बसवलं. कुंचला ताईचा, नजर पोरीची. "अजून खाली. एवढी जाड नाही. हं. आता पाणी थोडं हिरवं." यजमान दारात उभे राहून पाहत होते. नंतर पॉलिश करताना त्यांनी त्या पोरीला आपला जुना विनोद ऐकवला. तिला तो काही कळला नाही, पण त्यांचा चेहरा बघूनच ती खूप हसली.

डोळा बसवला तेव्हा बाईंना काही दिसणार नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, "कसा आहे गं?" मुलगी उत्तर द्यायला आईच्या मांडीवर चढली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि अगदी जवळून बघत राहिली. "आहे," ती म्हणाली. "चहाचा पण आहे, पाण्याचा पण आहे." मग ती आईच्या कुशीत शिरली, ती घरी जाईपर्यंत बाहेर निघाली नाही.

मित्रांनो, त्यानंतर ताईने नव्या घडणीची फाईल केली. माझ्या कापलेल्या नकलेतून जे वाचलं ते तिच्यात नेलं. आता दरवर्षी नवी फाईल होते आणि तिची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर, बहिणीच्या घरी राहते. मला मूळ रूपात, न कापता, एका कोपऱ्यात ठेवलंय. शिंकेभाऊंनी त्या कोपऱ्याला नाव दिलंय : 'जुनं. काढू नये.' मला उघडायची युक्ती त्यांना सापडलेली नाही. त्यामुळे मी अख्खी आहे, पण बंद आहे.

त्या फोटोचा खालचा अर्धा भाग अजून माझ्यापाशी आहे. परवा बाईंच्या नवऱ्याने मायलेकींचा फोटो पाठवला, खिडकीपाशी उभं राहून काढलेला, मोठ्या आकाराचा. तो नव्या फाईलमध्ये माझ्या शेजारीच उतरला. मी माझ्याकडची काडी आणि ती काडी शेजारी शेजारी धरून पाहिली. पोरीने ती तसूभरही चुकवली नव्हती. हे मला ताईला सांगायचं आहे, आणि सांगता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल, कुणाचे तरी फोटो, कुणाची तरी खुशाली पोटात घेऊन गुपचूप बसलेली. ती कधी तक्रार करणार नाही. ती जुन्या घडणीची आहे का, किती भरली आहे, तिची दुसरी नक्कल कुठे आहे, एवढं एखाद्या मोकळ्या दुपारी घरातल्या मोठ्यांना विचाराल का? ते म्हणतील, पुढच्या आठवड्यात बघू. तेव्हा त्यांचा हात सोडू नका.