गुरुवारची पाळी

"आज माझा गुरुवार हाय, सिस्टर. जेवण न्हाई चालायचं," वैजनाथराव दारातूनच म्हणाले आणि चप्पल न काढताच वळले.

महामायाबाई वरणाची पळी हातात धरून उभ्या राहिल्या. मागच्या गुरुवारीही हेच झालं होतं.

विष्णुपुरीच्या अंगाला ओळखीच्या सहा घरांनी मिळून ही वस्ती उभी केली होती. प्रत्येकाच्या खोल्या आपापल्या, पण अंगण एक, स्वयंपाकघर एक, जेवायचं टेबल एक. दुपारचा स्वयंपाक पाळीपाळीनं, गुरुवार महामायाबाईंचा. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नांदेडातला फ्लॅट विकून त्या इथं आल्या त्या सिंधुताईंच्या भरवशावर. दोघींनी एकाच वॉर्डात हयात काढलेली, एका डब्यात जेवलेल्या. आता मागे फिरायला घर उरलं नव्हतं.

वैजनाथरावांचा उपवास, माणिकप्पांचं पोट बिघडलेलं, बाकीच्यांची कुठं ना कुठं लग्नं. पोट तरी दर गुरुवारीच कसं बिघडतं? बुधवारी पार्वतीबाईंच्या पाळीला त्यांच्या वांग्यांवर हीच मंडळी तुटून पडायची. महामायाबाई बौद्ध, आणि ते त्यांनी कधी झाकून ठेवलं नव्हतं. आपल्या हातचं नको म्हणून तर नाही ना हे? असं मनात आलं तेव्हा त्यांना आधी लाज वाटली, मग लाज वाटल्याचाच राग आला.

गुरुवारी टेबलाशी बसायच्या त्या एकट्या सिंधुताई.

"सिंधे, खरं सांग. मुद्दाम करून राहिलेत का हे लोक?"

"काय बी डोक्यात घेतीस. गुरुवारी लोक दत्ताचं करतेत. वार बदलून घे की."

वस्तीच्या बैठकीत महामायाबाईंनी मंगळवार मागितला. "हाव, घ्या की," वैजनाथराव हसून म्हणाले. इतक्या झटक्यात हो म्हणाले, तेच त्यांना खटकलं.

आणि झालंही तसंच. वैजनाथरावांनी गणपतीचा मंगळवार धरला, माणिकप्पांनी देवीचा. आता देवाच्या आड कोण येणार?

पण महामायाबाईही काही कच्च्या नव्हत्या. पुढच्या मंगळवारी त्यांनी भगर शिजवली, शेंगदाण्याची आमटी केली, जिरं-मिरची घालून बटाटे परतले. ताटं मांडून सगळ्यांना हाक मारली.

"या. उपवासाचंच केलंय सगळं. आज कुणी उपाशी राहायचं न्हाई."

मंडळी आली, टेबलाभोवती उभी राहिली, पण बसेना कुणी. वैजनाथराव घड्याळ बघू लागले. माणिकप्पांचा हात पोटावर गेला. महामायाबाईंची नजर मात्र सिंधुताईंवर होती. बाकीचे गेले उडत, ही एक बसली तरी पुरे होतं.

सिंधुताईंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात काढून घेतला.

"माझा बी आजपासून मंगळवार हाय, माया. निरंकार. पाणीसुद्धा घेत न्हाई."

"सकाळी माझ्याकडं चहा पिलीस की."

खाली मान घालून सिंधुताई सगळ्यांच्या मागोमाग बाहेर पडल्या.

महामायाबाईंनी मधली खुर्ची ओढली, ताट वाढून घेतलं, भगरीवर आमटी ओतली. जन्मात त्यांनी एक उपवास केला नव्हता. दार सताड उघडं ठेवून, अंगणातल्या सगळ्यांना दिसेल असं बसून, त्या सावकाश पोटभर जेवल्या.