कमरेएवढा वाफा

दादाने आयुष्यात कधी कुंडीत तांब्याभर पाणी घातलं नाही, आणि तो म्हणे आईसाठी वाफा बांधणार! तोही साधासुधा नाही, चांगला कमरेएवढा उंच. गुडघे न वाकवता तिला मातीत हात घालता यावा म्हणून. फोनवर ऐकून मला हसूच आलं. पण रविवारी सकाळी स्वारी खरंच दारात हजर, हातात नवी कोरी करवत.

आईचे गुडघे गेल्यापासून तिचं उठणं-बसणं, औषधं, अंघोळ सगळं माझ्याकडे. दादा पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखंच त्याचं कौतुक होतं.

बाबा सुतार होते. त्यांचं कामाचं टेबल मागच्या खोलीत होतं, मी त्यावर इस्त्री करायचे. दादा म्हणाला, "याच्या फळ्या झकास होतील." आई नको म्हणेल असं मला वाटलं.

"मोडा की," ती म्हणाली. "नुसती जागा अडवतंय."

मग मी बाबांचा गुण्या शोधून काढला. फळ्यांचे कोपरे काटकोनात धरले, दादाने खिळे ठोकले, त्यातला एक आपल्या अंगठ्यावर. आई खुर्चीतून ओरडली, "बापाचं नाव घालवलंस!" आम्ही तिघं पोट धरून हसलो. कितीतरी वर्षांनी आम्ही भावंडं एका कामाला लागलो होतो. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मी धने आणायला बाजारात गेले. आईला कोथिंबीर पेरायची होती. परत येते तर वाफा फुलांनी गच्च भरलेला. नर्सरीचा टेम्पो येऊन गेला होता.

"पेरत कुठे बसतेस?" दादा म्हणाला. "आईला फुलं आत्ता दिसायला हवीत."

लहानपणापासून उतावळाच तो. मी धने डब्यात ठेवले.

तो गेला. आठवड्याच्या मधल्या एका दुपारी म्हटलं, कोपऱ्यात तरी धने पेरू. बोट खुपसलं ते प्लास्टिकला लागलं. वर मातीचा पातळ थर, खाली नर्सरीची काळी पिशवी. झाड उचललं तर पिशवीसकट वर आलं. तळाशी विटांचे तुकडे आणि थर्माकोल.

मी दादाला फोन लावला.

"अगं, हात नको लावूस! भाड्याची आहेत ती, परत द्यायचीत. शनिवारी घर बघायला येतायत. अंगण भकास दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं."

"घर? कुणाचं घर?"

"आई बोलली नाही का तुला?"

आई आत मटार सोलत होती.

"तुला माहीत होतं?"

"त्याने विचारलं होतं मला. त्याच्या घरी माझ्यासाठी खोली तयार करतोय."

"आणि मला कोण विचारणार?"

"तुला काय विचारायचं?" आई म्हणाली. "तू घरचीच."

तिच्या बोलण्यात जराही कुजकेपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मी कुठे राहणार, असं विचारल्यावर ती सोलता सोलता म्हणाली, "तू कमावती आहेस, तुझं कुठेही होईल." एवढी वर्षं मी या बाईचे पाय चोळले.

शनिवारी घर घेणारी बाई आली. खोल्या तिने भराभर पाहिल्या आणि वाफ्यापाशी रमली. आई वाफ्याला टेकून उभी होती, दादाचा हात धरून.

"किती जीव लावलाय हो!"

"सगळी मेहनत हिची," दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

माझं डोकं सणकलं. मधलं सगळ्यात डौलदार झाड मी बुडाशी धरलं आणि उपसलं. पिशवीसकट आलं. खालच्या विटा उघड्या पडल्या.

"हे घ्या," मी म्हटलं. "आतून बघा किती जीव लावलाय ते."

दादाचा चेहरा उतरला. बाई क्षणभर गोंधळली, मग हसली. "असू द्या हो. हे आम्ही काढूनच टाकणार आहोत. इथे गाडी लावायचीय."

दादाच्या जिवात जीव आला. तो तिला गेटची रुंदी दाखवायला घेऊन गेला. मी झाड हातात धरून उभी.

"अगं, माती सांडली बघ सगळी," आई म्हणाली. "पाय घसरेल त्या बाईंचा. झाडू आण."

आणि मी आणला.