तुमचं चर्च कोणतं?

दवाखान्याच्या अ‍ॅपने केल्ड्रिकचं नाव विचारलं नाही, आडनावही नाही. वय विचारलं आणि मग एकदम: ‘तुम्ही कोणत्या चर्चला जाता?’

टायरच्या दुकानामागे उभ्या केल्ड्रिकचा अंगठा थबकला. शनिवारी रात्री अकराच्या सुमारास त्याच्या हातून निष्काळजीपणा झाला होता. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, हेही अ‍ॅपनेच सांगितलं होतं. आज सोमवार. पण गोळ्यांचा चर्चशी काय संबंध? मिसिसिपीतल्या या गावात वय एकवीस आणि चर्चचं नाव, एवढ्यावर माणूस सापडतो. फुकट औषध म्हटलं की त्याचे आजोबा पाठ फिरवायचे. आपल्या काळ्या लोकांवर डॉक्टरांनी काय काय प्रयोग करून पाहिलेत, ते त्यांना ठाऊक होतं.

केल्ड्रिकचं चर्च माउंट नीबो. त्याने लिहिलं, ‘न्यू बेथेल’.

अ‍ॅपवरची समुपदेशक स्वतःला मिस डी म्हणवायची. तिचं उत्तर आलं, ‘उद्या सकाळी दहाला दवाखान्यात ये, बाळा.’

मंगळवारी दहाला तो दवाखान्याच्या दारात पोचला, आणि मागून माउंट नीबोची व्हॅन येऊन थांबली. चर्चच्या सहा म्हाताऱ्या रक्तदाब तपासायला उतरल्या. सगळ्यात पुढे वर्नेलआत्या.

“काय रे, कामाच्या वेळी इथे? टायर आजारी पडले की काय?”

“गिऱ्हाईकाची वाट बघतोय, आत्या. गाडी बंद पडलीये त्याची.”

“कुठाय गाडी?” तिने रिकाम्या रस्त्यावर नजर फिरवली. “तुझी आई सांगत होती, रविवारपासून धड जेवला नाहीस. पोरगी आहे का कोणी?”

“आत्या, जा ना. नंबर जाईल तुझा.”

ती वळून वळून बघत आत गेली. केल्ड्रिक इमारतीच्या आडोशाला गेला. त्याने मिस डीला लिहिलं, ‘मुद्दाम बोलावलंत ना? माझ्याच चर्चची व्हॅन आलीये!’

‘तू न्यू बेथेल लिहिलंस. त्यांची व्हॅन गुरुवारी येते, म्हणून तुला मंगळवार दिला. तेवढ्यासाठीच चर्च विचारतो आम्ही. खरं कोणतं?’

त्याने तो मजकूर दोनदा वाचला. खोटं त्याचं होतं, हे कळत होतं. पण व्हॅन चुकवायला उपयोगी पडणारी माहिती उद्या माणूस पकडायलाही उपयोगी पडेल. ‘हे सगळं बघतं कोण?’

‘मी. माझी आई त्याच व्हॅनने आलीये.’

‘सहांपैकी कोणती?’

‘ते नाही सांगणार. मलाही याच गावात राहायचंय.’

आतापर्यंतचं हे एकच वाक्य त्याला खरं वाटलं. एकोणसाठ तास झाले होते. त्याने लिहिलं, ‘माउंट नीबो’.

‘बाराला व्हॅन जाते. सव्वाबाराला मागच्या दाराने ये.’

नर्सने रक्त घेतलं, अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या आणि पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. केल्ड्रिकने आधी बाटलीवरचं लेबल वाचलं, मग मुदतीची तारीख, मग नर्सच्या छातीवरचं नाव. ते डी वरून सुरू होत नव्हतं.

“वाचून झालं असेल तर गिळा आता,” नर्स म्हणाली.

तिच्यावरची नजर न काढता त्याने गोळी गिळली.