सपाट केलेला चेहरा

मिशावाला चेहरा, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, नाक चेपलेलं.

जमिनीत ठोकायचे नऊ हजार खांब.

अर्धं लिंबू. जुना टूथब्रश.

"हे रोमन आहे ना?" नाही. "मग हे?" ते ट्रॅक्टरचं आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं एक पितळी बटण. पहिलं बक्षीस.

हे सगळं एकाच गुरुवारचं. महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी मी गावच्या ग्रंथालयात, बालविभागातल्या बुटक्या लाल खुर्चीवर बसते. इंग्लंडमधल्या लिंकनशायरचे लोक शेतात धातू शोधणारे डिटेक्टर फिरवून जे उकरतात ते माझ्यासमोर ठेवतात, आणि ते काय आहे ते मी सांगते आणि पुराणवस्तूंच्या नोंदीत लिहिते. आपल्याजवळ काय आहे हे त्यांना आधीच माहीत असतं. माझी फक्त सही हवी असते.

नेव्हिल कपलडिच यांनी शाळेची बस चाळीस वर्षं चालवली. त्र्याहत्तराव्या वर्षी लोण्याच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून ते तो चेहरा घेऊन आले.

"बादलीचा आहे, पोरी. म्हणजे खाली माणूस आहे."

त्यांचा तर्क बरोबर होता, याचाच मला राग आला. कांस्याच्या पातळ पत्र्याचे असे त्रिकोण, त्यांवर ठोकून उठवलेले चेहरे, सहाव्या शतकात लाकडी बादल्यांच्या काठाखाली बसवत. आणि या भागातले लोक अशा बादल्या दूध काढायला वापरत नव्हते, मेलेल्या माणसाच्या उशाशी ठेवत. तुकडा बादलीचा ठरला तर तिथे थडगं आहे. थडगं असेल तर, तुकडा निघाला त्या ऑडलिंगबाईंच्या शेतात सौर पॅनेलचे खांब ठोकण्याआधी काउन्सिलला उत्खनन करावं लागेल. तुकडा कमरेच्या पट्ट्यावरचा ठरला, तर जाता जाता कुणाचा तरी पडला असेल. मग खांब एप्रिलमध्येच ठोकले जातील.

ऑडलिंगबाईंचा फोन सकाळीच येऊन गेला होता.

"घोड्याच्या सामानातलं असेल बघ. आमच्याकडे घोडे होतेच."

"चौदाशे वर्षांपूर्वी?"

"आमचं घराणं जुनं आहे."

मी तुकडा चिमट्यात धरला. लखलखत होता. लिंबू आणि टूथब्रशाने त्याचा चौदाशे वर्षांचा थर एका रविवारी उतरवला होता. तेही मी माफ करते; सगळेच करतात. पण बादली गोल असते. तिच्यावरचा पत्रा थोडा वाकलेला असतो, आणि त्या वाकावरूनच कळतं की वस्तू बादली होती, पेला होता की पिण्याचं शिंग.

हा पत्रा बिस्किटाच्या डब्याच्या झाकणासारखा सपाट होता.

"मिस्टर कपलडिच, हा असाच निघाला?"

"छे! चांगला वाकलेला होता. मी सरळ केला."

"का?"

"आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात महिन्याच्या शोधाची स्पर्धा असते ना. काचेच्या फ्रेममध्ये बसेना. मग दोन फळ्यांमध्ये धरून सुतारी वाईसच्या जबड्यात हळूहळू आवळला. फार हळू, बरं का."

"आणि?"

"दुसरा आलो. केन डाउझच्या बटणाला पहिलं दिलं. बटण!"

"फोटो काढला होतात?"

"काढला की."

"वाकलेला असताना?"

"सरळ केल्यावर."

मी सूक्ष्मदर्शकाखाली पाठ पाहिली. बारीक तडे होते. पत्रा कधीतरी वाकलेला होता, एवढं ते सांगत होते. कारागिराने वाकवला की नांगराने, ते सांगत नव्हते. कपलडिच यांनी खिशातून ग्रंथालयाचं कार्ड काढलं आणि दोन बोटांत वाकवून धरलं.

"एवढा होता. शपथ."

"नोंदीत काय लिहू? ग्रंथालयाच्या कार्डाएवढा वाक?"

"मग परत वाकवून आणतो. घरी वाईस आहे."

"हात लावायचा नाही."

"अगं, अकरा वर्षं मी तिच्यावरून चालतोय."

"ती? बाई आहे हे कशावरून?"

"बस चालवायचो मी. मागे कोण बसलंय ते मान न वळवता कळतं."

याला पुरावा म्हणून कुठला रकाना असतो ते मला कुणी शिकवलं नाही. होते ते रकाने मी भरले.

वस्तू: बहुधा बादलीवरचा पत्रा.
आकार: सपाट. सापडल्यावर सपाट केल्याचं शोधकर्त्याचं म्हणणं.
खात्री: कमी.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "ते 'कमी' काढ ना, पोरी."

"काढून काय लिहू?"

"जास्त."

"जास्त खात्री या पत्र्यातच होती. तुम्ही ती हळूहळू आवळलीत."

हे बोलायला नको होतं. त्यांनी सही केली, अक्षर शाळेतल्यासारखं नीट, आणि डब्याचं झाकण लावलं.

काउन्सिलचं उत्तर अकरा दिवसांत आलं, जे एरवी पाच महिने येत नाही. कमी खात्रीच्या एकट्या तुकड्यावरून उत्खननाचा आदेश देता येत नाही, धन्यवाद. एप्रिलच्या नऊ तारखेला पहिला खांब गेला. कपलडिच फाटकाशी थर्मास घेऊन उभे होते. मुकादमाने त्यांना सुरक्षेसाठी पिवळं हेल्मेट दिलं आणि विचारलं, "काका, कुणाची वाट बघताय?" त्यांनी हेल्मेट घातलं आणि थर्मासचं झाकण उघडलं. दुपारपर्यंत एकशे चाळीस झाले.

१९६१च्या नांगरणीत त्या शेतातून बादलीच्या घेराएवढी दोन लोखंडी कडी निघाली होती, आतल्या बाजूला कुजलेलं लाकूड चिकटलेली; ऑडलिंगबाईंच्या सासऱ्यांनी ती भंगारात टाकली.