खडूवरची ओली रेघ

लोखंडाला भेग असेल तर ती खडूच्या भुकटीवर उमटायला चार मिनिटं लागतात. त्याआधी काहीही दिसत नाही. दांडा अर्धा तास रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, फडक्यानं कोरडा पुसायचा, वर खडू किसून भुरभुरायचा आणि थांबायचं. भेगेत शिरलेलं रॉकेल सावकाश बाहेर येतं आणि पांढऱ्या भुकटीवर केसासारखी करडी रेघ दिसू लागते. मिस्त्रींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन मिनिटं झाली होती.

"बाळाला पावडर लावून झाली का?" स्टुलावर बसलेल्या सिस्टरनी विचारलं.

"झाली."

"तीस वर्षं नोकरी केली. एवढी पावडर मी माझ्या वॉर्डातल्या पोरांनाही लावली नाही."

"तुमची पोरं आठवड्यात घरी जायची. ही पुन्हा पुन्हा येतात."

सिस्टर हसल्या. दवाखान्याच्या प्रसूती विभागातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण बसणं अजून ड्यूटीवरचंच होतं, पाठ ताठ आणि पाय जमिनीवर. त्या दाराबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बघत होत्या, म्हणून त्यांना रेघ दिसली नाही. दांडा जिथे वाकतो तिथेच ती उमटली होती, सुमारे बारा मिलिमीटर लांब. मिस्त्रींनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि भुकटी पुसून टाकली.

"काय म्हणतंय कासव?"

"सकाळी न्या."

"सकाळी कशाला? आत्ताच नेते. उद्या माझी गाडी रांगेत पहिली आहे, धुवायचीय तिला."

"मी धुऊन ठेवतो. सातला या."

"तुम्ही धुणार? आज सूर्य कुठल्या बाजूनं उगवला?" सिस्टर उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता गाडीच्या पाठीवर थाप मारून गेल्या.

त्या गाडीला सगळे कासवच म्हणत. कंपनीनं दिलेलं नाव वेगळं होतं, पण ते कागदोपत्री राहिलं. कंपनी मुळात पाण्याचे पंप बनवायची. पन्नास वर्षांपूर्वी तिनं पहिली गाडी काढली. पाठ गोल, चाल धीमी, आणि आवाज पंपासारखाच. लोक आधी हसले, मग घेऊ लागले, मग तिच्या शपथा खाऊ लागले. रंग उडेल, पत्रा गंजेल, पण कासव घरी पोचवेल, असं मालक छातीठोकपणे सांगत. एका जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या मागच्या सीटवरून आजारी वासरं नेली होती. एका मुख्याध्यापकांची गाडी दोन लाख किलोमीटर इंजिन न उघडता चालली होती, आणि हा आकडा ते ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत सांगत. कारखाना बंद होऊन सव्वीस वर्षं झाली तरी या गावात सतरा कासवं अजून रस्त्यावर होती. उद्या रविवारी पन्नाशीनिमित्त ती सगळी शाळेच्या मैदानावर जमणार होती, आणि तिथून घाट चढून पलीकडच्या तलावापर्यंत जाणार होती. ही कल्पना सिस्टरचीच.

गाडी रस्त्यात कधी बंद का पडत नाही, हे फक्त मिस्त्रींना माहीत होतं.

स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा तो वीतभर दांडा कंपनीनं नवव्या वर्षी दुसऱ्या कारखान्याकडून घ्यायला सुरुवात केली, आणि तो कच्चा निघाला. चाळीस हजार किलोमीटरनंतर त्याला भेग पडायची. तुटला तर स्टिअरिंग हातात राहतं आणि चाकं आपल्या मर्जीनं जातात. कंपनीचे इंजिनीयर साहेब स्वतः सर्व्हिस स्टेशनवर आले होते. त्यांनी दार लावून घेतलं.

"गाडी सर्व्हिसला आली की दांडा बदलायचा. कार्डावर लिहायचं नाही. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही."

"विचारलं तर?"

"साफसफाई केली म्हणा. कारखान्यात अकराशे माणसं आहेत, मिस्त्री. ही गाडी मोडते अशी बोंब झाली तर अकराशे चुली विझतील."

मिस्त्री तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. अकराशे चुली हा त्यांना फार मोठा आकडा वाटला. ते मुकाट्यानं दांडे बदलत राहिले. गाड्या बंद पडेनात आणि कंपनीचं नाव वाढत गेलं. ज्या वर्षांत गाडी सगळ्यात कच्ची होती, त्याच वर्षांत तिच्या पक्केपणाचा बोलबाला झाला. पुढे कारखाना वेगळ्याच कारणानं बुडाला आणि अकराशे चुलींचं जे व्हायचं ते झालंच. गोदामात उरलेल्या दांड्यांच्या सात पेट्या मिस्त्रींनी घरामागच्या शेडमध्ये आणून ठेवल्या आणि काम चालू ठेवलं. आता सांगू नका म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. सवय मात्र उरली होती.

शेवटचा नवा दांडा चौदा महिन्यांपूर्वी मुख्याध्यापकांच्या गाडीत गेला. लेथवर कातून दोन करून पाहिले, पण हे काम घडवलेल्या लोखंडाचं. कातलेले दांडे महिन्याभरातच चिरले. तेव्हापासून खडू आणि रॉकेल. मिस्त्रींच्या वहीत प्रत्येक गाडीचं एक पान होतं. दांडा कधी बदलला तिथे किलोमीटरच्या आकड्याभोवती एक वर्तुळ. सतरापैकी नऊ गाड्या चाळीस हजारांच्या पुढे गेल्या होत्या. त्यांना त्यांनी निरोप धाडले होते, पण तपासणीला आल्या फक्त सिस्टर. बाकीच्यांचं उत्तर एकच, कासवाला काय धाड भरलीय?

ऊन उतरल्यावर मिस्त्रींची बायको चहा घेऊन शेडमध्ये आली. मिस्त्रींची स्वतःची गाडी लाकडी ठोकळ्यांवर होती, पुढचं डावं चाक काढलेलं. सिस्टरची गाडी धुऊन पुसून दारात उभी होती.

"हिचा काढून तिला लावलात?"

"चांगला होता. अकरा हजारच चाललाय."

"सिस्टरना सांगितलंत?"

"काय सांगायचं? गाडी ठीक आहे आता तिची."

"आणि बाकीच्या आठ?"

मिस्त्रींनी बशीत चहा ओतला आणि तो निवायची वाट बघत राहिले.

"घाट आहे उद्या," बायको म्हणाली. "आठ गाड्यांना लावायला तुमच्याकडे आठ गाड्या नाहीत."

"हळू चालवतात सगळे."

"सिस्टरचे दादा काय विमान चालवत होते?"

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. बायको सहसा दादांचं नाव काढत नसे.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सिस्टरची बदली दूरच्या दवाखान्यात झाली होती. त्यांचं सामान पोचवायला त्यांचे थोरले भाऊ निघाले होते. ते वीजघरात पाळीवर असत. दुपारी बाराला ते सर्व्हिस स्टेशनवर आले आणि म्हणाले, तेल तेवढं बदल, लगेच निघायचंय. दांडा बदलायला दोन तास लागले असते. मिस्त्री म्हणाले, "थोडं थांबलात तर साफसफाई करून देतो." दादा म्हणाले, "साफसफाई काय, आल्यावर कर." थांबण्याचं खरं कारण सांगितलं असतं तर कुठलाही माणूस थांबला असता. मिस्त्रींनी ते सांगितलं नाही. तेल बदलून दिलं.

संध्याकाळी साडेपाचला एका वळणावर गाडी सरळ गेली.

गाडी ओढून त्यांच्याकडेच आणली होती. पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं विचारलं, गाडीत काही दोष? तुटलेला दांडा तोवर मिस्त्रींच्या खिशात होता. ते नाही म्हणाले आणि खाली सही केली. कागदावर लिहिलं गेलं, चालकाला डुलकी लागली असावी. दादा लागोपाठ दोन रात्रपाळ्या करून निघाले होते, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. सिस्टरनी गाडी दुरुस्त करून घेतली आणि तेव्हापासून तीच चालवली. गाडीचा काय दोष, असं त्या म्हणायच्या. मीच म्हटलं होतं, आजच ये.

"तुम्ही गाडीची अब्रू राखलीत," बायको म्हणाली. "ती बाई मात्र एकतीस वर्षं मान खाली घालून बसलीय."

"उद्या बघतो."

"तुमचा उद्या मी लग्नापासून बघतेय. कॅलेंडरं बदलून माझे हात दुखले." तिनं कप उचलला. "त्या खालच्या खणात कात्री शोधताना मला ते लोखंड सापडलं होतं. वीस वर्षं झाली. वाट बघत होते, तुम्ही कधी काढता."

सकाळी सिस्टर वेळेवर आल्या. मिस्त्रींची गाडी ठोकळ्यांवर बघून त्यांना हसू आवरेना.

"काय हे मिस्त्री, वैद्याच्याच घरी आजार?"

"तुमच्याच गाडीतून येतो आम्ही."

"या की. पण वर्गणी द्यावी लागेल. आणि ही पिशवी कसली? डबा आणलाय?"

"हत्यारं आहेत," मागून बायको म्हणाली आणि गाडीत बसली.

सिस्टर गाडी चालवत होत्या आणि मिस्त्री त्यांच्या हातांकडे बघत होते. स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाक लगेच ऐकत होतं. त्यांच्याच गाडीचा दांडा होता तो.

"हलकं लागतंय आज," सिस्टर म्हणाल्या. "काय केलंत?"

"साफसफाई."

हे म्हटल्यावर मिस्त्रींनी खिडकीबाहेर पाहिलं.

मैदानावर सोळा गाड्या रांगेत उभ्या होत्या. पत्र्यांना मेण लावलेलं, काचा लख्ख. मुख्याध्यापक एका जोडप्याला दोन लाखांचा आकडा सांगत होते. मिस्त्रींना सिस्टरच्या गाडीतून उतरताना बघून जनावरांचे डॉक्टर ओरडले, "अरे, मिस्त्रींचंच कासव बसलं! पन्नास वर्षांत पहिलं!" सगळे हसले. मिस्त्रींनीही हसण्यासारखं काहीतरी केलं. त्यांना वाटलं, अजूनही नुसतं हसून सुटता येईल. गाड्या जातील, बहुधा परतही येतील. आठांपैकी एखादी कदाचित नाही.

सिस्टरनी टेबलामागे उभं राहून टाळी वाजवली. भाषण त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं, पण कागदाकडे पाहिलं नाही.

"आपण सगळे या गाडीबद्दल एकच गोष्ट सांगतो, की तिनं कधी दगा दिला नाही. मीही तेच सांगणार. माझी गाडी दादांची आहे. दादा गेले ते डुलकी लागून. गाडीनं त्यांना काही केलं नाही. चूक असलीच तर त्यांना दमलेलं असताना बोलावणाऱ्याची." त्या क्षणभर थांबल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "असो. आता मिस्त्री झेंडी दाखवतील. या, मिस्त्री."

मिस्त्री पुढे गेले. झेंडी त्यांनी बाजूला ठेवली. पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, डब्यातून कालचा दांडा. तो रॉकेलनं निथळत होता. त्यांनी तो टेबलावर अंथरलेल्या कागदावर ठेवला, फडक्यानं नीट पुसला आणि वर खडू किसला.

"जादूचा प्रयोग आहे का?" डॉक्टर म्हणाले.

"चार मिनिटं थांबा," मिस्त्री म्हणाले. "फक्त चार मिनिटं."

लोक टेबलाभोवती आले. आधी चेष्टा चालली होती, मग ती आपोआप ओसरली. मिस्त्री घड्याळाकडे बघत होते. बायको लांब सिस्टरच्या गाडीला टेकून उभी होती. चौथ्या मिनिटाला रेघ उमटली. पुढे वाकलेल्या मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला.

"ही भेग," मिस्त्री म्हणाले. "हा दांडा तुटला की चाकं वळत नाहीत. तो सगळ्याच गाड्यांत तुटतो. तुमच्या गाड्यांत तुटला नाही, कारण तुम्हाला न सांगता मी तो बदलत आलो. आता दांडे संपलेत. आठ गाड्यांत जुने आहेत. आज एकही गाडी घाटात जाणार नाही."

कुणीतरी म्हणालं, "म्हणजे इतकी वर्षं..." आणि वाक्य सोडून दिलं.

सिस्टर टेबलाच्या पलीकडे होत्या. त्यांनी दांड्याला हात लावला नव्हता. त्या मिस्त्रींकडे बघत होत्या, रुग्णाचे नातेवाईक काही लपवताहेत हे कळल्यावर बघावं तसं.

मिस्त्रींनी पिशवीत पुन्हा हात घातला आणि जुन्या फडक्यात गुंडाळलेला दुसरा दांडा बाहेर काढला. तो दोन तुकड्यांत होता. एक तुकडा त्यांनी सिस्टरच्या हातात दिला. तुटल्या जागी दोन रंग दिसत होते. मोठा भाग गंजून काळपट तपकिरी झालेला, आणि कडेला नखाएवढा भाग, तेलात जपून ठेवल्यामुळे अजूनही करडा, स्वच्छ.

"काळा भाग आधीच चिरलेला होता," मिस्त्री म्हणाले. "कित्येक महिन्यांपासून. एवढाच भाग त्या दिवशी तुटला. पंचनाम्यावर मी खोटी सही केली."

"कुठल्या गाडीचा हा?" सिस्टरनी विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलावर ठेवली.

"दादांना झोप लागली नव्हती, सिस्टर."