बाजूच्या बाईंची करंगळी

उताणा तळहात, चारी बोटं वर-वर हलवायची: हळूहळू उचल.

समोरच्या सरांच्या बुटांचा आवाज होत नाही. घेताना त्यांनी तेच बघितलं असणार.

बेकरीवाली मावशी हात धुऊन वर्गात येते, तरी तिच्या पुस्तकाला पीठ लागतंच.

ब. क. क. अ. ड. ब.

बायकांच्या बाथरूमची झडप जिन्यात उघडते. जिन्यातलं बोलणं आत स्वच्छ ऐकू येतं.

"आपल्यालाही अशी बाजू मिळाली असती तर आपण काय डॉक्टर झालो नसतो?"

आता नीट सांगते.

हे मोठ्या माणसांचं कॉलेज आहे. कामावरून सुटलेली, घरचं आवरून आलेली माणसं इथे शाळेतलं राहून गेलेलं शिकतात. जे फळ्यापाशी उभे राहून शिकवतात ते समोरचे सर. मी शिकवत नाही. ज्याला वाचायला जड जातं त्याच्या शेजारी बसते, बोटाने ओळ दाखवते, प्रश्न वाचून दाखवते आणि उत्तर आलं की तोंड मिटते. म्हणून मी बाजूच्या बाई. हे नाव वर्गाने ठेवलं. आधी ते प्रेमाने म्हणत.

माझ्या शेजारी क्रेनकाका बसायचे. उभा जन्म यार्डात क्रेन चालवण्यात गेलेला. यार्डाने नवा नियम काढला: लेखी परीक्षा पास असेल तोच केबिनमध्ये चढणार. नाही तर खाली.

"खाली म्हणजे कुठे?" मी विचारलं होतं.

"खाली म्हणजे खाली, बाई. आजवर ज्यांच्या डोक्यावरून ओझी नेली, त्यांच्यात. हातात झाडू."

सराव परीक्षेत मी शेजारी असले की काकांची सगळी उत्तरं बरोबर. एकदा मी तापाने घरी राहिले, तर पेपर जवळजवळ कोरा.

सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, मग काय वाटलं कोण जाणे, परत उघडलं.

"तुम्ही सांगता त्यांना."

"नाही सांगत."

"मग तुमचा ताप त्यांच्या पेपराला चढला म्हणायचा."

पुढच्या सराव परीक्षेला सर आमच्या पाठीमागेच खुर्ची टाकून बसले. मी प्रश्न वाचला, पर्याय वाचले, गप्प बसले. काकांनी खूण केली. पुढचा प्रश्न. पेपर संपला. सगळं बरोबर. सर वाकले आणि टेबलाखाली बघू लागले.

"काय शोधताय?"

"पाय. खालून दाबत असाल."

"सर, मी त्यांच्या मुलीच्या वयाची आहे."

"मी तसं म्हणालो नाही."

"मग कसं म्हणालात?"

सर सरळ होऊन खुर्चीत बसले. काका मात्र दोन्ही पाय आखडून खुर्चीखाली घेऊन बसले, शाळकरी पोरासारखे.

मधल्या सुट्टीत चहाच्या किटलीभोवती सगळे उभे राहतात. कुणाच्या सासूचं दुखणं, कुणाच्या मालकाची नक्कल, सगळं तिथेच होतं. त्या दिवशी मी गेले आणि घोळक्यातली फट बुजली. मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही. शिवणवाल्या ताईंनी शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, त्यांनाही काही म्हणता येणार नाही. पिशवी कुठेतरी ठेवावीच लागते.

बेकरीवाल्या मावशीने मात्र मला जिन्यात गाठलं. "पेपर कुठून मिळतो तेवढं सांग, बाई. बाकीचं आम्ही बघून घेऊ."

म्हणजे त्यांना वाटत होतं, माझ्याकडे पेपर आहे. मला वाटायला लागलं, काकांकडे आहे. यार्डातला कुणी ओळखीचा, त्याचा कुणी मेहुणा, असं काहीतरी. मी घरी बसून प्रश्न बदलले, पर्याय उलटेपालटे केले, स्वतःचे चार नवे घातले. काकांनी ते सगळे बरोबर सोडवले. पेपर फुटायला तो माझ्या डोक्याबाहेर तरी जायला हवा होता.

राहता राहिले मी.

पुढचा प्रश्न वाचताना मी मनाशी एक चुकीचं उत्तर धरलं. हेच बरोबर, हेच बरोबर, असं घोकत पर्याय वाचले. काकांनी बेधडक त्याच चुकीच्या उत्तरावर खूण केली. आणि तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचे डोळे बघितले. ते कागदावर नव्हतेच.

"काका, तुम्ही बघता कुठे?"

"तुमच्या हाताकडे." त्यांना प्रश्नच कळला नाही. "अजून कुठे बघू?"

"माझ्या हातात काय आहे?"

"करंगळी. बरोबर पर्याय आला की उचलता ना तुम्ही. लहानसा इशारा असतो, पण आपल्याला दिसतो. तुमच्यासारखा साफ इशारा यार्डातही कुणी देत नाही."

"मी इशारा देत नाही, काका!"

आता ते बघतच राहिले. "मग तुम्हाला बाजूला बसवलंय कशाला?"

त्यांच्या लेखी हिशेब सरळ होता. केबिनमध्ये बसणाऱ्याला ओझं दिसत नाही, भिंतीपलीकडे असतं. दिसतो तो इशारेवाल्याचा हात. तो म्हणेल तेव्हा वर, तो म्हणेल तेव्हा खाली. मध्ये आपली अक्कल चालवली की कुणीतरी मरतं. कॉलेजने त्यांना इशारेवाली दिली होती. ते शिस्तीत काम करत होते.

"आणि वाचायला? ते येतं का नाही?"

"येतं की."

"मग मला ताप होता त्या दिवशी?"

"त्या दिवशी इशारेवाला नव्हता," काका म्हणाले.

मला त्यांचं खरं वाटावं अशी फार इच्छा होती. म्हणूनच मी ते खरं धरलं नाही. माणूस महिनोन्महिने माझ्या करंगळीवर पुढे सरकत होता आणि मी घरी सांगत होते, काय सुधारलेत काका!

किटलीपाशी जाऊन मी सगळ्यांना हे सांगून टाकलं. शिवणवाल्या ताई हसल्या आणि मग हळूच माझ्या हाताकडे बघू लागल्या. सगळेच बघू लागले. मी हात पदराआड घेतला.

"म्हणजे हिची करंगळी शिकलेली," मावशी म्हणाली, "आणि आम्ही इथे डोकी फोडतोय."

"पण काकांचं काय करायचं?" ताई म्हणाल्या. "खाली पाठवतील त्यांना."

"त्यांना वाचता येतं म्हणे. मग दाखवू दे की! मी होते क्रेन."

असं ते सुरू झालं. वर्गाचे चार कोपरे म्हणजे अ, ब, क, ड. मावशीच्या हातात खुर्ची, ती म्हणजे ओझं. प्रश्नाचा कागद फक्त काकांकडे. त्यांनी तो वाचायचा, उत्तर ठरवायचं आणि हाताने मावशीला बरोबर कोपऱ्यात न्यायचं. आता इशारेवाले तेच. खाली उभे.

त्यांनी कागद धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे तोंड केलं. मग ताईंकडे बघितलं असावं, कारण ताई म्हणाल्या, "माझ्याकडे नका बघू, मी काल नापास झालेय."

"अहो, काहीतरी दाखवा!" मावशी ओरडली. "क्रेनचे हात भरून आले!"

पाठीमागे कागद सरळ केल्याचा आवाज. ओठांतल्या ओठांत वाचल्याचा आवाज. मग मावशीची पावलं, डावीकडे, थांबली, अजून डावीकडे, आणि खुर्ची टेकल्याचा आवाज.

"वा." हा आवाज दारातून आला. सर कधीचे उभे होते देव जाणे. "म्हणजे आता अख्ख्या वर्गालाच खाणाखुणा शिकवताय."

मी समजावू लागले, तर ते हसले. मावशी समजावू लागली, तर त्यांनी ती किती जोरात बोलते आहे ते मनात नोंदवल्यासारखं केलं. निर्दोष माणूस इतकं बोलत नाही, असं त्यांचं मत असावं. शेवटी हुकूम झाला: मुख्य परीक्षेला शेजारी कुणी नाही. बाई मागच्या भिंतीपाशी उभ्या राहतील, हात पाठीशी.

काका पास झाले. हे आत्ताच सांगते, नाही तर पुढचं सगळं तुम्ही श्वास रोखून वाचाल आणि मला जे दाखवायचंय ते राहून जाईल. काठावर झाले. सरांना ते आजही पटलेलं नाही.

मुख्य परीक्षा. मी भिंतीपाशी, हात पाठीशी, शिक्षा झालेल्या मुलीसारखी. वर्गात पेनांचा आवाज. काकांचं पेन हलत नव्हतं. ते पेपर बघत, मग मान वर करून समोरच्या रिकाम्या हवेत बघत, जिथे एरवी कुणाचा तरी हात असतो.

सर त्यांच्यापाशी जाऊन उभे राहिले. नजर ठेवायला. एक हात टेबलाच्या कडेवर. काकांचा पेपर यार्डाचा होता; त्या पानावरचा प्रश्न पुढे सरावाच्या पुस्तकात छापून आला तसा देते:

ओझं केबिनमधून दिसत नसेल तर चालकाने काय करावं?
अ) अंदाजाने उचलावं.
ब) भोंगा वाजवून उचलावं.
क) इशारेवाल्याशिवाय हलवू नये.
ड) दुसऱ्या चालकाला बोलवावं.

सर वाकून स्वतःही प्रश्न वाचत होते. मला मागून त्यांचा हात दिसत होता. त्यांची नजर ओळीओळीने खाली आली, आणि एका ओळीवर त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवरून उचलला गेला. किंचित. मग टेकला. त्यांना पत्ता नव्हता.

काका त्या अंगठ्याकडेच बघत होते.

मला ओरडावंसं वाटलं. काय ओरडणार होते? बघा म्हणून, की बघू नका म्हणून?

"सर," काका म्हणाले, "हात खिशात घाला."

सगळ्यांची डोकी वर.

"काय म्हणालात?"

"तुमचा अंगठा बोलतोय. मला वाचू द्या."

सरांनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला. दुसऱ्या कुणाचा तरी आपल्या खिशात सापडावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. टेबलाखाली वाकून बघितलं होतं त्या दिवशी त्यांचा चेहरा असाच होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे हात पाठीशीच होते. त्यांनी आपले दोन्ही हात खिशात घातले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, तोंड बाहेर करून.

काका पेपरवर वाकले. ओठ हलू लागले. बऱ्याच वेळाने पेन टेकलं. कोणत्या ओळीवर, ते मागून दिसलं नाही.

क्रेनकाकांचा पहिला इशारेवाला त्यांचा थोरला भाऊ होता. काका केबिनमध्ये बसायला लागले त्याच वर्षी त्यांनी इशाऱ्याआधी पाइप खाली सोडले, आणि भाऊ आजही उजव्या बुटात बोटांच्या जागी कापूस भरून चालतो.