ठकीचं रक्त

हेमांगीने ठकीला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळलं. डोकं आणि पुढचा एक पाय तेवढा बाहेर ठेवला. टॉवेल श्रीपादरावांचा होता, मंदाकिनीबाईंच्या गेलेल्या नवऱ्याचा. बाईंनी तो ओळखला. सुई टोचली तेव्हा मांजरीने आवाज केला नाही. ती आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली.

"गुणाची आहे हो," हेमांगी म्हणाली.

"कसली गुणाची! परवा शेजारच्यांचा अख्खा बांगडा पळवला."

देवेश हसला. तो माणसांचा डॉक्टर, हेमांगी जनावरांची. फ्लूने कोणी दगावलं असेल त्या घरातली माणसं आणि पाळीव प्राणी दोघांचीही तपासणी दोघे मिळून करत होते. रोग प्राण्याकडून माणसाकडे आला, की उलट गेला, एवढंच त्यांना शोधायचं होतं. डोंबिवलीच्या या घरातून त्यांनी हिवाळ्यात नमुने नेले होते. आज दुसरा नमुना घ्यायला आणि पहिल्याचं उत्तर सांगायला ते आले होते.

खाली आपल्या गाडीत बाईंचा मुलगा मुकुल बसला होता. ठाण्याहून आईचं सामान आणून द्यायचा, पण बाबांच्या तेराव्यानंतर तो वर आला नव्हता. "ते मांजर आहे तोवर नाही," असं त्याने सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं होतं. मांजर बाबांच्या छातीवर झोपायचं, त्यांच्या ताटातला दहीभात खायचं. आणखी काय पुरावा हवा?

मंदाकिनीबाईंनाही तसंच वाटलं होतं. श्रीपादराव गेले त्या आठवड्यात एका दुपारी आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला. कोरडा, तीनदा येऊन थांबणारा, त्यांच्यासारखाच. बाई हातातलं पातेलं टाकून धावल्या. पलंगावर ठकी होती. तेव्हापासून त्या खोलीचं दार त्यांनी कधी पूर्ण लावलं नाही आणि कधी पूर्ण उघडलंही नाही.

"काकू," देवेश म्हणाला, "काकांना झाला तो माणसांमधलाच फ्लू होता, त्या वेळी सगळीकडे चाललेला. प्राण्याकडून आल्याची एकही खूण त्यात नाही. ठकीच्या रक्तात त्याच फ्लूशी लढल्याच्या खुणा आहेत."

"म्हणजे तिला यांच्यापासून झाला."

"जवळजवळ नक्की."

टॉवेल सुटला तशी ठकी बाईंच्या मांडीवर येऊन बसली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. श्रीपादरावांचं असं काहीतरी अजून या घरात जिवंत होतं, ऊबदार, श्वास घेणारं. हात तिथेच राहिला.

"एकच राहिलं. काका आजारी पडण्याच्या आधीच्या आठवड्यात घरात कोणाला सर्दीताप? बाहेरून कोणी आलेलं?"

बाईंनी गॅलरीकडे पाहिलं. त्या आठवड्यात मुकुल आला होता. बायको माहेरी, अंगात ताप, म्हणाला, "आई, तुझ्या हातची पेज हवी." श्रीपादराव त्याच्या उशाशी बसून राहिले. कपाळाला बाम चोळला, "चाळिशीतला घोडा तू, तुला भरवायचं का रे?" म्हणत चमच्याने भरवलंही. त्याने अर्धी टाकलेली पेज त्याच वाटीतून, त्याच चमच्याने त्यांनी संपवली. अन्न टाकलेलं त्यांना खपत नसे.

त्या आठवड्याबद्दल मुकुल कधीच बोलला नव्हता.

"नाही," बाई म्हणाल्या. "कोणी आलं नव्हतं."

देवेशने तसं टॅबवर नोंदवलं. हेमांगीने मान वर करून बाईंकडे पाहिलं.

"हिला तुम्ही न्याल का?" बाईंनी तिला विचारलं.

"काकू, हिच्यापासून काही धोका नाही. आत्ताच सांगितलं ना यांनी?"

"कळलं मला. जन्मभर विज्ञानच शिकवलंय मी."

"मग कशाला?"

"दहीभात कोमट लागतो तिला," बाई म्हणाल्या. "मीठ नको."

हेमांगीने ठकीला टोपलीत ठेवलं. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"काय बोलले ते?" मुकुलचा आवाज.

"तू म्हणत होतास तेच."

पलीकडे त्याने नाक ओढलं. "मी बोललेलो ना तुला, आई. पहिल्या दिवसापासून बोलतोय मी."

"हो रे. नेतायत ते तिला. वर ये आता, पोळ्या टाकते."

लिफ्ट बंद होती. देवेश पेटी घेऊन पुढे गेला, मागून हेमांगी टोपली घेऊन उतरू लागली. मधल्या वळणावर मुकुल समोरून आला. टोपली दिसताच तो अंग चोरून भिंतीला टेकला आणि त्याने नाकावर रुमाल धरला. ठकीने त्याला ओळखलं असावं. ती आतून ओरडली.

हेमांगी थांबली. तिने मुकुलकडे पाहिलं, मग वर पाहिलं. मंदाकिनीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी फक्त मान हलवली, नको.

"सांभाळून जा," हेमांगी मुकुलला म्हणाली. "पायऱ्या आत्ताच पुसल्यात."